थंडीत पिकअप सुरू होईना : तक्रार एक, दोष तीन

डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाडकडे पहाटेचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि कांदेवाले लासलगावच्या रांगेत लवकर नंबर लागावा म्हणून चारलाच उठतात. रात्री कांदा भरून ठेवलेली गाडी अशा पहाटे ‘घुंऽ… घुं… टक्’ करून गप्प झाली की जिवाची काय घालमेल होते, ते ज्याच्यावर बेतलं त्यालाच ठाऊक. मी हे सलग तीन हिवाळे सोसलं. त्यात दोन बॅटऱ्या बदलल्या, सेल्फचे (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरचे) ब्रश आणि बुश नवे टाकले, सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच) बदललं. दर वेळी पंधरा-वीस दिवस गाडी बरी चालायची आणि मग पुन्हा तेच.

गाडी जुनी आहे. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, हीटर प्लग असलेलं. तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या नव्या पद्धतीची असेल तर बॅटरी, सेल्फ आणि अर्थिंगबद्दल (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायच्या वाटेबद्दल) पुढे लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू आहे. पण डिझेलची लाइन सैल करून हवा काढण्याचा भाग तुमच्यासाठी नाही. त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

माझी चूक अशी, की मी प्रत्येक मिस्त्रीला एकच वाक्य सांगायचो : “सकाळी सुरू होत नाही.” या वाक्यावर कुणीही बॅटरीकडेच बोट दाखवणार. शेजारचे आप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी एके दिवशी मला थांबवून विचारलं, “सेल्फ फिरत नाही, का फिरतो पण इंजिन पेटत नाही? पेटत नसेल तर धूर येतो का? आला तर कुठल्या रंगाचा?” मला एकाचंही उत्तर देता येईना. “मग आज सुरू करूच नको. उद्या पहाटे मी येतो, आधी ऐकू,” म्हणाले. गाडी दुरुस्त व्हायला खरी सुरुवात त्या सकाळी झाली.

पहिले पाच सेकंद नीट ऐका

चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही मंद, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सुटलंय. दिवे झगझगीत आहेत पण ‘टक्’सुद्धा होत नाही, तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर, फ्यूज किंवा रिले पाहायचा. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज म्हणजे सोलेनॉइड ओढलं जातंय, पण सेल्फनं करंट मागताच व्होल्टेज कोसळून ते सुटतंय. इथे बॅटरी अशक्त असते किंवा जोडणी खराब. एकच ठणठणीत ‘टक्’ आणि मग शांतता, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत, ब्रश संपलेत किंवा जाड वायरींपैकी एक नीट धरत नाही. आणि सेल्फ घर्रकन मोकळाच फिरला, इंजिन जागचं हललं नाही, तर बेंडिक्स (सेल्फचे दात फ्लायव्हीलमध्ये अडकवणारा भाग) घसरतंय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत.

सेल्फ जोरात, नेहमीच्या वेगानं इंजिन फिरवतोय आणि तरी ते पेटत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. तो दोष डिझेलचा किंवा उष्णतेचा आहे. मग एका माणसाला सायलेन्सरमागे टॉर्च घेऊन उभं करा. धूर अजिबात नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलच पोहोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोहोचतंय, पण पेटत नाही.

आमच्या गाडीनं त्या सकाळी सेल्फ अगदी रडतखडत फिरवला, तिसऱ्या प्रयत्नाला ‘टक्’ करून थांबली. म्हणजे वीज. बॅटरी जेमतेम तीन महिन्यांची होती.

आधी मोजायचं, मग बदलायचं

साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. माझ्या एका बॅटरीच्या पैशात असे दहा-पंधरा मीटर आले असते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. एवढ्यावर थांबू नका, कारण म्हातारी बॅटरीही नुसतं ठेवलं तर १२.६ दाखवते आणि भार पडताच बसते. मीटर बॅटरीवर धरून सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी संशयित. पाणी भरायची टोपणं असलेली बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं सहाही खाने तपासा. भरलेल्या बॅटरीत ॲसिडची घनता १.२६० ते १.२८० च्या दरम्यान असते. पाच खाने सारखे आणि एक फार खाली, तर तो खाना मेलाय. कितीही चार्ज केली तरी ती बॅटरी पुन्हा उभी राहत नाही.

आमची बॅटरी उभ्या गाडीत १२.५ होती आणि सेल्फ मारताना १०.४. म्हणजे बॅटरी ठीक. आप्पा म्हणाले, “बॅटरी देतीये. मग सेल्फपर्यंत पोचतंय किती?”

यापुढची चाचणी फार कमी जण करतात, म्हणून ती सविस्तर सांगतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. लाल वायर बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही. काळी वायर सेल्फच्या जाड बोल्टवर, जिथे बॅटरीची केबल येते तिथे. आता दुसऱ्यानं सेल्फ मारायचा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट त्या केबलमध्येच वाया जातायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग मायनसची बाजू : एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, रंग आणि गंज नसलेल्या धातूवर. इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर जायला नको.

प्लसला आम्हाला ०.३ मिळाले. मायनसला २.९.

हिशेब मांडा. १०.४ मधून ३.२ गेले, सेल्फला मिळाले जेमतेम ७.२ व्होल्ट. एवढ्यावर थंडीत घट्ट झालेलं इंजिन फिरवणं कुठल्या सेल्फला जमेल? डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे अँपिअर सहज ओढतो. जोडणीत ओहमचा शंभरावा भाग एवढा विरोध आला तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट गिळले जातात. हॉर्न, दिवे, टेप यांना दोन-चार-दहा अँपिअर लागतात, त्यांना त्या विरोधाचा पत्ताही लागत नाही. म्हणून ‘दिवे तर झक्क लागतायत’ हा पुरावा इथे काही कामाचा नाही.

दोष निघाला गिअरबॉक्सच्या खाली. बॅटरीचा मायनस चेसीला जोडलेला असतो. पण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसतात, त्यामुळे चेसी ते इंजिन अशी वेगळी जाड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी लागते. त्या तीन हिवाळ्यांच्या आधीच्या उन्हाळ्यात क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला होता. परत बसवताना ती पट्टी चेसीच्या रंगावरच कसली गेली, आणि बोल्टजवळ तिचे तांब्याचे पदर एकेक करून तुटत गेले. मी आडवा पडून हात लावला तेव्हा सात-आठ तारा शिल्लक होत्या, बाकी हिरवी भुकटी.

एक खूण माझ्या डोळ्यांसमोर असून मी ती ओळखली नव्हती. थंडीत तीन-चारदा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागायची, एकदा तर तिच्या प्लास्टिकला वास सुटला. करंटला इंजिनातून चेसीकडे यायची मोठी वाट उरली नाही, की तो मिळेल त्या वाटेनं येतो : ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, गिअरचा रॉड. तुमची अशी केबल गरम होत असेल तर बाकी सगळं सोडून आधी इंजिनची अर्थिंग पाहा.

पंधरा दिवस बरं आणि पुन्हा तेच, हे का होत होतं तेही मग उलगडलं. नवी बॅटरी जास्त जोर लावून तो विरोध काही दिवस झाकून टाकायची. उन्हाळ्यात तेल पातळ असतं, इंजिन सहज फिरतं, करंट कमी लागतो, म्हणून तक्रार नाही. थंडी पडली की तेल घट्ट, बॅटरीची ताकद कमी, आणि नेमका तेव्हाच सेल्फला जास्त करंट हवा. दोष बारा महिने होता, दिसायचा फक्त थंडीत.

वेल्डिंगची ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल फूट-दीड फूट आणली, दोन्ही टोकांना लग दाबून घेतले, चेसीवरचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत खरवडला, बोल्टला दातेरी वॉशर टाकला, कसल्यावर वरून ग्रीस लावलं. मायनसचा आकडा २.९ वरून ०.१५ वर आला. सेल्फ असा फिरला की आवाज ऐकून घरातली माणसं बाहेर आली.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, कसून झाल्यावर पेट्रोलियम जेली लावा. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

बॅटरी रात्रीत उतरतच असेल तर

हा वेगळा आजार आहे, पण गल्लत नेहमी होते. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, थोडा रेस दिलेला, अशा वेळी बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटरचा पट्टा बघा. जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला असतो, तेव्हा ढिला पट्टा चालवून घेऊ नका. चार्जिंग बरोबर असूनही बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून मायनस काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून खांब आणि केबलच्या मध्ये जोडा. या वेळी सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. माझ्याकडे ०.३५ अँपिअर निघाले. दिवसाला ८.४ अँपिअर-तास, गाडी चार दिवस उभी राहिली की ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले तेहतीस-चौतीस गेले. एकेक फ्यूज काढत गेलो, तरी आकडा हलेना, कारण टेपची वायर कुणीतरी फ्यूजच्या आधीच थेट जोडलेली होती.

सेल्फ जोरात, तरी दहा मिनिटं झटापट

अर्थिंग झाली आणि आठवडाभरानं पहाटे नवीच तऱ्हा. सेल्फ दणक्यात फिरतोय, धूर नाही, इंजिन पेटत नाही. वीस-वीस सेकंद सेल्फ मारल्यावर फुरफुरत सुरू व्हायचं. (असं करू नका. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नये, आणि मध्ये मिनिटभर तरी थांबावं. सेल्फची वाइंडिंग जळते ती यातच.) खरं तर हा दोषही जुनाच होता, पहिल्याच्या आड दडलेला.

धूर नाही म्हणजे डिझेल नाही. दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, पंपावरचं स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे चावी बंद केली की डिझेल तोडणारा भाग. चावी ऑन केली की पंपातून एक बारीक ‘टक’ ऐकू यायला हवा. येत नसेल तर त्याची वायर काढून परत टेकवा. तरीही नाही, तर तिथे बारा व्होल्ट येतात का ते मीटरनं बघा. आमचं सोलेनॉइड वाजत होतं.

दुसरी, हवा. खूण अशी सापडली : गाडीचं तोंड उताराकडे करून लावली की सकाळी पटकन सुरू व्हायची, तोंड चढाकडे असलं की नाही. आमच्या वाड्यासमोर उतार आहे म्हणून हे लक्षात आलं. उताराकडे तोंड असलं की मागची टाकी पंपापेक्षा वर राहते, डिझेल लाइनमध्ये टिकून राहतं. उलट लावली की रात्रीतून ते टाकीकडे परत ओघळतं. पण लाइन हवाबंद असेल तर ओघळेलच कशाला? पाण्यात बुडवलेल्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट धरून ती उचलली तर पाणी पडत नाही, तसंच ते. कुठूनतरी हवा आत शिरत होती.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाइनमध्ये ओढ असते, दाब नसतो. म्हणून तिथली चीर बाहेर डिझेल गाळत नाही, आत हवा ओढते. खाली कोरडं दिसलं म्हणून ‘गळती नाही’ असं धरून चालू नका. फिल्टरवरचा हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा पंप) सकाळी दाबून बघा. माझा पहिले दहा-बारा दाब पोकळ जायचे, मग हाताला घट्टपणा यायचा. ही हवेची पक्की निशाणी.

जागा शोधायला फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक, डिझेल सहन करणारी नळी तात्पुरती लावली. इंजिन चालू असताना तिच्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे पळताना दिसले. मग टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्या जागी दुसरी नळी लावली आणि तिचं टोक बॉनेटच्या उंचीला ठेवलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलं. बुडबुडे तरीही चालूच. म्हणजे टाकी आणि चेसीवरची लांब लाइन सुटली, दोष फिल्टरपाशीच. शेवटी निघाले फिल्टरच्या बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं त्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर, दर फिल्टरबदलीला तेच परत वापरलेले. कडेला नखाला लागेल न लागेल अशी एक रेघ उमटली होती. नवे चार वॉशर आणि प्रायमरची ओ-रिंग, खर्च शंभराच्या आत.

हवा काढायची रीत : फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करा, फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर दाबत राहा, आणि दाबता दाबताच स्क्रू कसा. तरी सुरू झालं नाही तर दोन नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या) पाइपचे नट अर्धा फेरा सैल करून, तोंड आणि हात लांब ठेवून, सेल्फ मारा. डिझेल उसळलं की नट कसा. हे फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाडीत.

आणि पांढरा धूर

डिझेलला ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि तिच्यात उडालेलं डिझेल पेटतं. थंडीत सिलिंडरच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात, म्हणून हीटर प्लग. प्लगांना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर जळलेला. माझ्या चारांपैकी दोन मेले होते. हवेचं काम झाल्यावर गाडी सुरू व्हायची, पण पहिलं मिनिट दोन सिलिंडरवर थरथरत आणि पांढरा धूर ओकत, ते यामुळे. प्लग ठीक असतील तर चावी हीटरवर असताना पट्टीला बारा व्होल्ट येतात का बघा, बऱ्याचदा रिलेच गेलेला असतो. प्लग खोलताना इंजिन कोमट असू द्या, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा आणि जोर लावू नका. हेडमध्ये मोडला तर खर्च कुठल्या कुठे जातो.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा पेट्रोलची चिंधी हुंगवणं आमच्याकडे सर्रास चालतं. कळकळीनं सांगतो, करू नका. गरम हीटर प्लगवर पेट्रोलची किंवा ईथरची वाफ अवेळी पेटते आणि पिस्टन, रिंगा फोडते. हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी लावून सुरू करणं त्याहून किती तरी बरं : प्लसला प्लस, मग चांगल्या बॅटरीच्या मायनसची केबल बंद गाडीच्या इंजिन ब्लॉकवर. मोठ्या ट्रकची बॅटरी घेताना आधी विचारा, तिथे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात.

प्लग नवे, हवा नाही, सेल्फ दमदार आणि तरी पांढरा धूर, तर मात्र कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या.

गाडी थंड असताना पटकन सुरू होते आणि माल उतरवून अर्ध्या तासानं, गरम असताना होत नाही, असं असेल तर वरचं काही लागू नाही. रोटरी पंप असेल तर ओला फडका पंपावर पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. त्यानं सुरू झाली तर पंपाचं हेड झिजलंय. गरम होऊन पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. त्याला पंप-नोझलवाल्याकडे पंप खोलून देण्यावाचून इलाज नाही, आणि तोवर गाडी मार्केटात बंद करताना तोंड उताराकडे ठेवा, म्हणजे धक्का तरी मारता येईल.